सोनटक्का : कांठाचें पीक

सोनटक्का ठाऊक नाहीं असा शेतकरी कोंकणपट्टींत सांपडणें कठीण. आणि देशावरही ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्याच्या परसांत या झाडाचें एखादें बेट पुष्कळदां आढळतें. भाद्रपदाच्या सुमारास तिन्हीसांजेला त्याच्या फुलांचा वास अंगणांत दरवळूं लागला म्हणजे घरांतील लहानथोरांस त्याची आठवण होते. एरवीं वर्षभर त्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. न मागतां येतो आणि न जोपासतां वाढतो, अशी त्याची ख्याति. अशा झाडाविषयीं शेतकी मासिकांत लिहिण्यासारखें काय आहे, असें एखाद्या वाचकानें विचारिलें तर त्याचा प्रश्न गैर म्हणतां येणार नाहीं.

परंतु या झाडासंबंधीं दोन टोकांचीं मतें शेतकऱ्यांच्या बोलण्यांत येतात, आणि तीं दोन्ही नुकसानीचीं आहेत असें आम्हांस वाटतें. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हें फुकटचें रान आहे, तें खणून काढावें आणि त्या जागीं चार केळी लावाव्या. दुसरा पक्ष मोबाईलवरील जाहिराती पाहून, एकरभर सोनटक्का लावावा व फुलांवर पैसे मिळवावे, अशा विचारांत असतो. नांवांत सोनें आहे खरें. पण फूल पांढरें आहे, हें या दुसऱ्या पक्षानें आधीं ध्यानांत घ्यावें.

आमचें मत थोडक्यांत असें : सोनटक्का हें कांठाचें पीक आहे. शेताच्या व परसाच्या ओल्या कांठावर त्यास अवश्य जागा द्यावी. मुख्य शेतांत ती देऊं नये. आणि ओढ्यांत तर त्यास मुळींच उतरूं देऊं नये. या तिन्ही गोष्टींचीं कारणें क्रमानें मांडितों.

झाडाचा स्वभाव

सोनटक्का हा आलें, हळद व वेलदोडा यांच्या कुळांतला. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतींत वैद्य म्हणून आलेला, लिनीयसचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग यानें १७८३ सालीं त्यास हेडिकियम कोरोनॅरियम हें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील पहिला शब्द ग्रीक मुळाचा असून त्याचा अर्थ ‘गोड वासाचें बर्फ’ असा आहे, व दुसऱ्याचा अर्थ ‘माळेच्या उपयोगाचें’ असा होतो. झाडाचें मूळ स्थान पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतच्या ओल्या, सावलीच्या प्रदेशांत आहे. आपल्या सह्याद्रीचा तो मूळ रहिवासी नव्हे, येथें तो पाहुणा आहे. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल म्हणून ती येथेंच सांगून ठेवितों.

वर जो दांडा दिसतो तो केळीच्या खांबाप्रमाणें पानांच्या आवरणांचा बनलेला असतो. झाडाचें खरें खोड म्हणजे जमिनींत आडवा पसरणारा कंद. प्रत्येक दांडा माणसाच्या छातीइतका किंवा डोक्याइतका वाढतो, त्याच्या शेंड्याला एकदांच तुरा येतो, आणि फुलें संपलीं कीं त्या दांड्याचें काम संपतें. तुऱ्यांतील प्रत्येक हिरव्या खवल्याआड कांहीं कळ्या असतात व त्या एकामागून एक, रोज थोड्या थोड्या, दिवस कलल्यावर उमलतात. रात्रीं हिंडणाऱ्या पतंगांसाठीं हा वास व हा पांढरा रंग असतो. फुलाची पाकळी अतिशय पातळ असल्यामुळें दुसऱ्या दिवशींच्या उन्हांत तें मान टाकतें. एका दिवसाचें हें आयुष्य हाच या पिकाच्या हिशोबाचा पाया आहे.

कांठावर कां लावावा

प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं अशा कांहीं जागा असतात कीं, तेथें पाणी असतें पण पीक नसतें. न्हाणीचें सांडपाणी जेथें मुरतें ती जागा, विहिरीवरील पंपाच्या हौदाखालची ओल, पाटाचा झिरपणारा कांठ, नारळी-पोफळीच्या वाडींतील दोन ओळींमधील चिंचोळी पट्टी. गोमंतकांतील कुळागरांत तर झऱ्याचें पाणी पाटानें खेळविलेलें असल्यामुळें अशा जागा पावलोपावलीं असतात. तेथें बाजरी होत नाहीं, भाजी कुजते, आणि मोकळें सोडल्यास चिखल व डांस होतात. आपल्या वाडवडिलांनीं अशा जागीं अळू, कर्दळ, केळ व सोनटक्का लावण्याची जी वहिवाट पाडली ती निव्वळ हौसेची नव्हती. वायां जाणारें पाणी पिऊन टाकणारीं हीं झाडें आहेत. त्यांतून अळूचीं पानें ताटांत येतात, केळीचा घड येतो, आणि सोनटक्क्याचें फूल देवाला व डोक्यांत जातें. हें उत्पन्न वहीवर चढत नाहीं म्हणून तें उत्पन्नच नाहीं, असें मानणें हा पहिल्या पक्षाचा दोष आहे.

मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पूर्वीं न्हाणींतून शिकेकाई, राख व साधें पाणी बाहेर येत असे. आतां त्याबरोबर फिनेल, ब्लीचिंग व कपड्यांच्या पुडीचें तीव्र पाणीही येतें. असें पाणी एकाच जागीं सतत पडल्यास कुठलेंही झाड पिवळें पडेल. संडास व फरशी धुण्याचें पाणी वेगळ्या वाटेनें काढून द्यावें, आणि स्नानाचें व भाजी धुण्याचें पाणी तेवढें झाडांकडे वळवावें.

लागण व निगा

आपोआप वाढणाऱ्या झाडाला निगा कशाला, हा समज मोडला पाहिजे. निगा नसलेला सोनटक्का पानें देतो, फुलें देत नाहीं. आणि मग ‘हें रान आहे’ असा त्याच्यावर ठपका येतो.

बेणें घ्यावयाचें तें निरोगी बेटाच्या कडेचें, दोन-तीन डोळे असलेलें व टणक असावें. मृगाचा पाऊस पडतांच लागण करावी. पाण्याची सोय असल्यास चैत्र-वैशाखांतही करण्यास हरकत नाहीं. फूटभर खोल खड्डा काढून त्यांत मुरलेलें शेणखत व पालापाचोळा मातींत मिसळून भरावा, आणि कंद आडवा ठेवून त्यावर दीड-दोन इंचच माती ओढावी. खोल पुरलेला कंद उशिरां फुटतो व कित्येकदां कुजतो. दोन कंदांत अडीच फूट अंतर ठेवावें.

जागा अशी पाहावी कीं, सकाळचें ऊन मिळेल व दुपारची सावली मिळेल. गर्द सावलींत पानें लांबतात पण तुरे विरळ येतात. देशावरील वैशाखाच्या उन्हांत उघड्यावर पानांचे शेंडे करपतात. वाऱ्याच्या तोंडावर लावल्यास भरलेले दांडे आडवे होतात, म्हणून घराच्या किंवा केळीच्या आडोशास लावणें बरें. जमीन कधीं कोरडी पडूं देऊं नये. या कुळांतील बहुतेक पिकांना साचलेलें पाणी मानवत नाहीं, पण सोनटक्का दलदलींतही उभा राहतो, हा त्याचा विशेष गुण आहे. नत्राचें खत ओंजळीनें टाकण्याचा मोह आवरावा. त्यानें पानेंच माजतात. वर्षांतून दोनदां, पावसाच्या आरंभीं व फुलें संपल्यावर, पाटीभर शेणखत दिलें कीं पुरे.

फुलें संपलेला प्रत्येक दांडा जमिनीलगत कापावा. त्यावर पुन्हां तुरा येत नाहीं, तो नव्या फुटव्यांची जागा अडवितो. कापलेले दांडे व पानें तेथेंच आच्छादन म्हणून पसरावींत. आणि दर तिसऱ्या वर्षीं बेट खणून विभागावें. न विभागलेल्या बेटांत कंदांवर कंद चढतात, मधला भाग पोकळ होतो आणि फुलें कडेकडेलाच येऊं लागतात. ज्यांच्या सोनटक्क्याला फुलें येत नाहींत त्यांनीं खताच्या दुकानांत जाण्यापूर्वीं कुदळ हातांत घ्यावी.

आलें-हळदीपासून दूर

सातारा-सांगलीकडील आलें व हळद करणाऱ्या बागायतदारांसाठीं येथें एक स्वतंत्र सूचना करणें जरूर आहे. नातें जवळचें असल्यामुळें या झाडांचे शत्रूही पुष्कळ अंशीं समाईक आहेत. पानाची गुंडाळी करून तींत राहणारी हिरवट अळी, जिच्यापासून पुढें काळें-पांढरें लहान फुलपांखरूं होतें, ती हळद, आलें व सोनटक्का या तिन्हींवर पोसते. परसांतील दोन-चार बेटांवर अशा गुंडाळ्या दिसल्यास त्या हातानें तोडून अळी मारावी. तेवढ्यासाठीं औषध फवारण्याचें कारण नाहीं.

याहून गंभीर गोष्ट कंदांतून पसरणाऱ्या रोगांची. हवाई बेटांत सोनटक्क्याचें एक भावंड जंगलांत माजलें तेव्हां, आल्याच्या कुळांतील झाडांवर मर आणणाऱ्या जिवाणूनें तें मारतां येईल काय, याचे प्रयोग तेथील शास्त्रज्ञांनीं केले व ते १९९९ सालीं प्रसिद्ध झाले. त्या भावंडाला तो रोग सहज लागला. शोभेच्या झाडाला व खाण्याच्या आल्याला एकच जिवाणु ग्रासूं शकतो, हा त्यांतील आपल्यापुरता धडा. म्हणून आल्याच्या किंवा हळदीच्या शेताच्या बांधावर सोनटक्का लावूं नये, ज्या पाटाचें पाणी आल्याच्या वाफ्यांत जातें त्याच्या वरच्या अंगास तर नाहींच. परक्या ठिकाणाहून आणलेला शोभेचा कंद खणलेली कुदळ धुतल्यावांचून आल्याच्या वाफ्यांत घालूं नये. हौसेसाठीं आणलेल्या एका कंदापायीं वर्षाचें पीक धोक्यांत घालणें शहाणपणाचें नाहीं.

शेतांत कां नको

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. एकरभर लागवडीचा विचार करणाऱ्यानें आधीं कागद-पेन्सिल घ्यावी. आम्ही येथें कांहीं आंकडे केवळ उदाहरणादाखल धरितों. प्रत्येकानें आपल्या बागेंतील तुरे मोजून ते बदलून घ्यावे.

समजा, साठ फूट लांबीच्या कांठावर अडीच फुटांवर एक अशीं २५ बेटें आहेत. दुसऱ्या वर्षीं प्रत्येक बेटांत ८ दांडे फुलले व प्रत्येक तुऱ्यानें ३० फुलें दिलीं, तर हंगामांत ६,००० फुलें झालीं. हंगाम तीन महिन्यांचा धरला तर रोजचीं साधारण ६५ फुलें होतात. घरचा देव, घरच्या सुना-मुली, शेजारपाजार आणि गांवच्या बाजारांतील एक फुलवाली इतक्यांत तीं सहज खपतात. तिसऱ्या प्रहरीं, त्या सायंकाळीं उमलणाऱ्या टपोऱ्या कळ्या खुडाव्या, ओल्या केळीच्या पानांत गुंडाळाव्या, आणि दिवेलागणीपूर्वीं हातावेगळ्या कराव्या. हें काम घरांतील एक माणूस पाव घटकेंत करूं शकतें.

तोच हिशोब एकराला लावूं. ओळींत तीन फूट व बेटांत अडीच फूट अंतर ठेवल्यास एकरांत सुमारें ५,८०० बेटें बसतात, आणि वरच्याच प्रमाणानें रोज सुमारें १५,००० फुलें निघतात. एक माणूस मिनिटाला १५ कळ्या खुडतो असें मानलें तरी हें सोळा-सतरा तासांचें काम झालें. कळी सकाळीं खुडावी तर ती कच्ची, संध्याकाळीं खुडावी तर ती उमललेली. म्हणजे तीन तासांच्या अवधींत सहा माणसें रोज लावलीं पाहिजेत, तीही ऐन भातकापणीच्या व गवतकापणीच्या दिवसांत. आणि इतकें करून त्याच रात्रीं पंधरा हजार फुलांना गिऱ्हाईक मिळालें पाहिजे. निशिगंधाच्या दांडीवरील कळ्या पाण्यांत ठेवल्यास दिवसेंदिवस उमलत राहतात, झेंडू टोपलींत दूरच्या पेठेपर्यंत टिकतो. सोनटक्क्याला उद्यां नसतो. आज न खपलेलें फूल उद्यां शेणकईंत जातें. ज्या मालाला साठवण नाहीं त्याचा भाव गिऱ्हाईक ठरवितें, शेतकरी ठरवीत नाहीं, ही गोष्ट भाजीपाला करणाऱ्या आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

शहराच्या वेशीवर ज्याची जमीन आहे व ज्याचा माल ठरलेला फुलवाला रोज सायंकाळीं उचलतो, त्याची गोष्ट निराळी. त्यानेंही एक-दोन गुंठ्यांपासून आरंभ करावा, आणि गिऱ्हाईक वाढेल तसें क्षेत्र वाढवावें. आधीं क्षेत्र व मग गिऱ्हाईक हा क्रम या फुलाला साधणारा नाहीं.

येथें आणखी एक शब्द लिहिण्याची परवानगी घेतों. परसांतील फुलांचे जे चार पैसे येतात ते घरच्या बाईच्या हातीं राहतात, अशी पुष्कळ घरांतील रीत आहे. खुडणें, गुंफणें व विकणें हें सर्व तीच करिते. घरधन्यानें तें उत्पन्न आपल्या वहींत ओढूं नये. कांठाचें पीक टिकतें तें कोणाचें तरी त्यावर रोज लक्ष असतें म्हणून, आणि लक्ष तेथेंच राहतें जेथें स्वतःचें कांहीं असतें.

ओढ्यांत कां नको

शेवटचा मुद्दा आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. हिमालयाकडील हें झाड मनुष्यानें जगभर नेलें. समुद्रापलीकडील क्यूबा देशानें १९३६ सालीं यास आपलें राष्ट्रीय फूल ठरविलें. परंतु तेंच झाड ब्राझीलच्या ओढ्यांत व पाणथळ जागीं, तसेंच हवाई बेटांत उपद्रवी तण होऊन बसलें आहे. त्याचें पूर्वीं उल्लेखिलेलें भावंड, हिमालयांतलाच पिवळ्या फुलांचा हेडिकियम गार्डनेरियानम, याचें नांव तर आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें केलेल्या जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परक्या जीवांच्या यादींत आहे, आणि न्यूझीलंडांत त्याच्या विक्रीस व लागवडीस मनाई आहे. जीं झाडें बागेंतून कुंपणाबाहेर फेंकलीं गेलीं त्यांचा हा विस्तार आहे.

आपल्याकडे हें घडण्याची वाट सोपी आहे. बेट विभागल्यावर उरलेले कंद टाकावयास ओढा जवळ असतो. पुराबरोबर कंदाचा बोटभर तुकडा खालीं वाहत जातो, गाळांत अडकतो आणि तेथें रुजतो. एका बेटाचीं दहा होतात, आणि कंदांची जाड चटई होऊन तींत दुसरें कांहीं उगवत नाहीं. सह्याद्रीच्या ओल्या जागांवर पहिला हक्क रानहळद, पेव अशा येथल्याच झाडांचा आहे, आणि ओढ्याच्या पाण्यावर खालच्या शेतकऱ्यांचाही हक्क आहे. आपलें टाकलेलें बेणें त्यांच्या पाटांत माजावें हें शेजारधर्मास सोडून आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सोनटक्का ओढ्याचा कांठ धरून ठेवतो. आमचें उत्तर असें कीं, त्याचे कंद उथळ पसरतात. मोठ्या पुरांत खालची माती निघाली कीं तीं ढेंपें तशींच उचललीं जातात व पुढच्या वळणावर ठाण मांडतात. कांठ धरावयाचा तर खोल मुळांचा वाळा आहे, करंज आहे, बांबू आहे. त्यांस हें काम द्यावें.

म्हणून चार नियम पाळावे. पुराचें पाणी जेथवर चढतें त्या खुणेच्या वरच लागण करावी. बेट व पाण्याची वाट यांमध्यें फूटभर खोल चर ठेवावा व दर पावसाळ्यापूर्वीं तो साफ करावा. काढलेले जादा कंद ओढ्यांत, रस्त्याच्या कडेला किंवा ओल्या उकिरड्यावर टाकूं नयेत. चैत्राच्या उन्हांत कातळावर खडखडीत वाळवून मग ते चुलींत घालावे. आणि शेजाऱ्यास बेणें दिलें तर त्याबरोबर हे नियमही सांगावे.

येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या परसांतील व वाडींतील ओल्या जागा एकदां फिरून पाहाव्या, अशी आमची विनंति आहे. जेथें चिखल आहे पण पीक नाहीं तेथें सोनटक्क्याचे चार कंद लावावे. जेथें तो आधींच आहे पण फुलत नाहीं तेथें तो खणून विभागावा. आणि जेथें तो ओढ्यांत उतरला आहे तेथून तो, आज बेट लहान आहे तोंवरच, मुळासकट काढावा. पहिलीं दोन कामें आपल्या घराच्या सुखाचीं आहेत. तिसरें आपल्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचें आहे, आणि तें आपल्यावांचून दुसरें कोणी करणार नाहीं.